ऊसवाहतुकीचे बैल आणि ओव्हरलोड: कायदा काय, काटा काय आणि करायचं काय

ताई, तुमच्या एका प्रश्नात चार प्रश्न आहेत. कराड-तासगाव रोडला उसाच्या गाडीचा बैल पुलाच्या चढाला बसला, गाडीवान आसूड ओढत राहिला, बाकीचे व्हिडिओ काढत राहिले, आणि तुम्ही विचारताय की अशा वेळी करायचं काय, ओव्हरलोड म्हणजे नक्की किती, तक्रार करून काही होतं का, आणि मुळात या बैलगाड्या बंदच का करत नाहीत. मी सरकारी पशुवैद्यक, नोकरीची बरीच वर्षं वाळवा, पलूस, कडेगाव या ऊसपट्ट्यात गेली, हंगामात कारखान्यांच्या गाडीतळावर जाऊन बैल तपासायचो, त्यामुळं जरा लांबण लागेल, वेळ काढून वाचा.

आधी पडलेल्या बैलाचं. पहिलं काम म्हणजे चाकांना दगड लावणे, चढ असेल तर मागून, उतार असेल तर पुढून. त्यानंतर गाडीच्या दांडीला खालून टेकू द्यायचा, मगच जू मोकळं करायचं. हा क्रम उलटा झाला की घोटाळा होतो, कारण ऊस पुढं जास्त भरलेला असेल तर जू सुटल्याबरोबर अख्खी दांडी बैलाच्या मानेवर येते, आणि मागं जास्त भरला असेल तर दांडी वर उडते आणि उभ्या असलेल्या दुसऱ्या बैलाला गळफास बसतो. सापती (बैलाच्या गळ्याखालून जुवाला बांधलेला पट्टा) सुटत नसेल तर सरळ कापा, नवी मिळते. दुसरा बैल सोडून लांब बांधा. पडलेला बैल एका कुशीवर पूर्ण आडवा असेल तर चार माणसं लावून त्याला छातीवर बसता करा, पाठीला पोत्याचा किंवा भाऱ्याचा टेका द्या, कारण रवंथ करणारं जनावर आडवं पडून राहिलं की पोटात गॅस धरतो आणि त्यानंच जातं. तोंडात बाटलीनं पाणी ओतू नका, धापा टाकणाऱ्या बैलाच्या फुफ्फुसात पाणी जातं, समोर बादली ठेवा, प्यायचं तर तो पिईल. अंगावर पाणी मारा, ओलं पोतं टाका, सावली करा. शेपूट पिरगाळणं, नाकाला मिरची लावणं, कानात पाणी घालणं हे सगळं बंद करायला सांगा, बैल नाटक करत नसतो. नुसता दमलेला असेल तर बऱ्याचदा अर्ध्या-पाऊण तासात आपणहून उठतो. नाही उठला, किंवा पाय वेडावाकडा दिसतोय, तोंड उघडं टाकून जीभ बाहेर आहे, तर १९६२ ला फोन लावा, पशुसंवर्धनचा टोल फ्री नंबर आहे, फिरत्या दवाखान्याची गाडी त्यावरून मिळते. आणि उठला म्हणून लगेच परत जुंपू द्यायचा नाही, तो दिवस त्याचा संपला. माल दुसऱ्या गाडीत टाका किंवा ट्रॅक्टर बोलवा.

आता ओव्हरलोड म्हणजे किती. १९६० चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा नावानं सगळ्यांना माहीत असतो पण वजनाचे आकडे त्यात नाहीत, ते १९६५ च्या नियमांत आहेत, ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी केलेल्या. त्यात बैलाचे वजनावरून तीन गट आहेत, २०० किलोपर्यंतचा लहान, २०० ते ३५० मध्यम, ३५० च्या वर मोठा. दोन चाकी गाडीला हवेचे टायर असतील तर लहान बैलाला ७५० किलो, मध्यमला १०५०, मोठ्याला १३५०. बॉल बेअरिंगची गाडी असेल तर १०००, १४०० आणि १८००. टायर नसलेली जुनी गाडी असेल तर ५००, ७००, ९००. हे एका बैलाचे आकडे, जोडी असली की दुप्पट. आणि यात गाडीचं स्वतःचं वजन धरलेलं आहे, हे बहुतेक लोक विसरतात.

बैल कुठल्या गटातला हे बघायला काटा लागत नाही. शिंप्याची टेप घ्या, पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात मोजा, मग खांद्याच्या टोकापासून मागं बैठकीच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, आलं किलोत वजन. समजा घेर ६६ इंच, लांबी ५८ इंच, तर ३८० किलोच्या आसपास बैल, म्हणजे मोठा गट. आपल्याकडचा चांगला भरलेला खिलार यात सहज बसतो. अडचण अशी की हाच बैल नोव्हेंबरात येतो तेव्हा ३८० चा असतो आणि फेब्रुवारीत तो तेवढा राहत नाही, वाढ्यावर (उसाच्या शेंड्याच्या पाल्यावर) पोट भरतं पण अंग धरत नाही, पेंड-भरडा परवडत नाही, रोजची ओढ चालूच. तो साडेतीनशेच्या खाली घसरला की नियमानं मध्यम गटात गेला, म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला कायद्यात बसणारी गाडी शेवटी शेवटी बसत नाही आणि माल मात्र तेवढाच, उलट ऊस संपवायच्या घाईत जास्तच भरतात. बैल पडायच्या केसेस मला नेहमी हंगामाच्या शेवटी जास्त दिसल्या त्या याच्यामुळंच.

टायरगाडीला टायरही असतात आणि बेअरिंगही असतं, मग आकडा कुठला धरायचा? तक्रार करताना गृहीत धरा की समोरचा वकील जास्तीचा म्हणजे बेअरिंगचाच धरणार. तसा धरला तरी मोठ्या जोडीला ३६०० किलो, त्यातून लोखंडी गाडीचे साधारण चारशे-पाचशे वजा, राहिला तीन-सव्वातीन टन ऊस. मध्यम जोडीला तर २८०० तून गाडी वजा केली की अडीच टनसुद्धा बसत नाही. चढाचा नियम वेगळा आहे, निदान एक किलोमीटरचा चढ आणि ३० मीटरला ३ मीटरपेक्षा जास्त उंची असेल तर सगळे आकडे निम्मे होतात, पण असा चढ म्हणजे घाटच, तुम्ही म्हणताय त्या पुलाच्या चढाला तो लागणार नाही, उगाच अर्जात घालू नका, बाकीचा अर्ज कच्चा पडतो.

आता खरी गंमत सांगतो. वाळूच्या किंवा विटांच्या गाडीचं वजन सिद्ध करायला पोलिसांना ती काट्यावर न्यावी लागते, १९६५ च्या नियमांत तसा अधिकार आहे, कॉन्स्टेबलच्या वरच्या दर्जाचा पोलीस गाडी काट्यावर न्यायला सांगू शकतो. उसाच्या गाडीचं मात्र प्रत्येक खेपेला वजन होतंच! कारखान्याच्या काट्यावर भरगाडी, रिकामी गाडी, निव्वळ ऊस, तारीख, वेळ सगळं छापून पावती निघते आणि तेच कॉम्प्युटरमध्ये हंगामभर साठलेलं असतं. म्हणजे कुठल्या गाडीनं कधी किती ओढलं याचा लेखी पुरावा कारखान्याकडंच असतो, दुसरा शोधायची गरजच नाही. फक्त एक बघा, पुष्कळ काट्यांवर बैलांसकट वजन करतात, त्यामुळं भरगाडीचा आकडा बघून अरे बापरे म्हणू नका, निव्वळ घ्या आणि त्यात गाडीचं वजन मिळवा. निव्वळ साडेतीन टनाची पावती दिसली की मग वाद नाही, कुठल्याच हिशोबात ती बसत नाही.

पण वजन हा अर्धाच भाग आहे. डांबरी रोडवर दिसतं म्हणून आपण तिथं हळहळतो, बैलाचा खरा जीव निघतो तो फडातून, म्हणजे तोड चालू असलेल्या रानातून, गाडी बाहेर काढताना. आदल्या आठवड्यात पाणी दिलेलं रान, टायर वितभर रुतलेलं, पाटाचा बांध ओलांडायचाय, तिथं दोन टनसुद्धा रोडवरच्या चार टनाला भारी पडतात. गुडघे टेकतात, खूर फाकतात, सांधा उखळतो ते इथं, आणि इथं बघायला कोणी नसतं. सुज्ञ गाडीवान फडात निम्मी गाडी भरतो, रोडला आणून बाकीच्या मोळ्या चढवतो. मोळ्या डोक्यावरून वाहायला माणूसबळ लागतं म्हणून सगळे करत नाहीत. शेतकऱ्याचंही यात काम आहे हो, तोड येणार म्हणून माहीत असताना पाणी आधीच तोडलं आणि वाटेला पाचट टाकलं तरी निम्मा त्रास वाचतो, पण वजन वाढावं म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत पाणी देणारे महाभाग आहेतच.

दुसरं म्हणजे तोल. दोन चाकी गाडीत ऊस आसाच्या पुढं जास्त आला की तेवढा भार सरळ मानेवर बसतो, आणि उताराला तर ब्रेक नसलेल्या गाडीचा सगळा रेटा बैलच अंगावर घेतो. खांदेसूज होते ती यातून. बघायची पद्धत सोपी आहे, जू काढल्यावर लगेच नाही, अर्ध्या तासानं, हाताची पालथी बाजू वशिंडाच्या पुढं मानेवर ठेवा. गरम लागलं, दाबल्यावर बैलानं मान चोरली किंवा कातडी थरथरली, तर सूज आहे, भले वरून काही दिसत नसेल. या टप्प्यावर थंड पाण्याच्या पट्ट्या, मॅगसल्फ-ग्लिसरीनचा लेप आणि आठवडाभर जू बंद, एवढ्यात बरा होतो. जू चालूच राहिलं की गाठ, मग पू, मग जखम, आणि शेवटी जुवाला हात लावला तरी बैल बसतो आणि लोक म्हणतात बैल आळशी झालाय. बेंदराच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळणी करतो, तूप-हळद लावतो, चांगलीच पद्धत आहे, पण बेंदूर येतो आषाढात आणि खांदा जातो पौष-माघात. जखमेचा बैल कामाला लावणं हा १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये वेगळा गुन्हा आहे, ओव्हरलोडशी त्याचा संबंध नाही, हलकी गाडी असली तरी गुन्हाच.

२०२२ मध्ये साखराळ्याच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या पोरांनी 'सारथी' म्हणून एक चाक केलं, दोन बैलांच्या मधे जुवाखाली बसवायचं, त्याचे फोटो देशभर फिरले. कल्पना चांगली आहे, मानेवरचा उभा भार ते चाक घेतं. पण ओढायचं वजन तेवढंच राहतं हे लक्षात घ्या, ते चाक लावलं म्हणून अर्धा टन जास्त भरायला मोकळे असं कोणी समजलं तर फायदा शून्य. आणि चिखलात ते तिसरं चाक कसं चालतं ते फडात लावून बघायलाच पाहिजे. रोडच्या प्रवासाला मात्र मी त्याच्या बाजूनं आहे, आणि त्याच्या जोडीला गाडीला साधा ब्रेक असावा असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे, ते तर कुठलाही वेल्डर करून देईल.

आता ज्याच्याबद्दल कोणीच बोलत नाही ते गाडीतळाचं. १९६५ चे नियम म्हणतात की दिवसात एकूण ९ तासांच्या वर काम नाही, सलग ५ तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही, ३७ अंशांच्या वर तापमान जात असेल त्या भागात दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही, काम नसताना बैल जुंपून ठेवायचा नाही आणि टोकदार काठी वापरायची नाही, म्हणजे आर लावलेली पराणी बेकायदा. यातला जुंपून ठेवायचा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो आणि तो मोडला जातो कारखान्याच्या हद्दीत, रांगेत. गव्हाण (कारखान्यात ऊस गाळपाला टाकतात ती जागा) बंद पडली, ट्रॅक्टर आधी घेतले, नंबर लागेना, की भरलेली गाडी घेऊन बैल रात्रभर उभे. रांग दर दहा-पंधरा मिनिटांनी हातभर सरकते म्हणून गाडीवान जू काढत नाही, काढलं तर मागचा पुढं घुसतो. बैल तसाच उभ्या उभ्या पुढच्या गाडीतलं वाढं ओढून खातो, एक पाय सैल सोडतो, मग दुसरा. पाणी सहा तासांपूर्वीचं. मी म्हणेन रोडवरच्या तासाभरापेक्षा हे जास्त वाईट आहे. आणि सोपंही हेच आहे! बैलगाडीला वेगळी रांग आणि टोकन, म्हणजे जू काढून बसता येतं. रांगेच्या कडेनं पाण्याचा हौद. गाडी उभी राहायला लोखंडी टेकू. वजनाला कमाल मर्यादा, काट्याच्या कॉम्प्युटरवरच टाकलेली, त्याच्या वरचा ऊस मोजायचाच नाही किंवा त्याचं वाहतूक भाडं द्यायचं नाही. ही शेवटची गोष्ट एका हंगामात केली ना, तर दुसऱ्या हंगामात ओव्हरलोडची चर्चा करायला कोणी उरणार नाही, कारण फुकट कोण ओढतंय.

कारण गाडीवान जास्त भरतो ते हौसेनं नाही. त्याला पैसे टनावर. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. गाडी पुष्कळदा भाड्याची, बैलजोडी लाखाच्या वरची, तीही कर्जावर. तीन खेपांचं काम दोन खेपांत झालं तर बायको-पोरांना चार तास झोप मिळते. म्हणून तो तिसऱ्या टनावर अजून चार मोळ्या टाकतो. हे सांगतोय म्हणून तो निर्दोष असं नाही, आसूड त्याच्याच हातात असतो आणि काही जण खरंच निर्दय असतात, 'बैल म्हणजे आमचं लेकरू' हे ऐकून ऐकून मला आता त्याचा वीट आलाय. पण रोडवर त्याला पकडून चार लोकांनी धुतला तर उद्या तो पहाटे तीनला निघेल, एवढाच फरक.

कायद्याचं आता रोखठोक. कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. चुकून शून्य गाळलेलं नाही, पन्नासच. तीन वर्षांत परत केला तर २५ ते १०० किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. त्यातही कलम ३१ प्रमाणं मारहाण आणि ओव्हरलोड हे दखलपात्र नाहीत, त्यामुळं पोलीस ठाण्यात तुम्हाला एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) करून देतील आणि घरी पाठवतील, त्यात हवालदाराचा दोष नाही. याउलट बैलगाडा शर्यतीचं बघा. सुप्रीम कोर्टानं २०१४ ला बंदी घातली, महाराष्ट्रानं २०१७ ला कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं ती दुरुस्ती कायम ठेवली, आणि त्या दुरुस्तीत अटी मोडल्या तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे छकड्याला मिनिटभर पळणाऱ्या बैलाला पाच लाखांचं संरक्षण आणि सहा महिने ऊस ओढणाऱ्याला पन्नास रुपयांचं. शर्यतीवर मला बोलायचं आहे ते वेगळं, इथं नको. बैल मेला किंवा कायमचा अपंग झाला आणि ते मुद्दाम केलेलं असेल तर मात्र भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि ते दखलपात्र आहे, तिथं पोलिसांना हलवता येतं.

बैल जप्त करून गोशाळेत टाका असंही तुम्ही लिहिलंय. कायद्यात सोय आहे, पण दोन गोष्टी बघा. जोडीतला एक बैल गेला की दुसरा एकटा बसतो, गाडीवानाची उचल फिटत नाही, तो नवा बैल अजून कर्ज काढून घेतो आणि ते फेडायला अजून भरतो. आणि गोशाळेत त्याची गाठ पडते ती आधीच जागा नसलेल्या दावणीशी. जखमी, उभा राहू न शकणाऱ्या बैलासाठी जप्ती जरूर मागा, दमलेल्या बैलासाठी नको.

बंदीबद्दल माझं मत म्हाताऱ्या बैलाकडं बघून झालंय. २०१५ पासून राज्यात बैलाचीही कत्तल बंद आहे. काम करणाऱ्या बैलाला आज निदान कोणीतरी वैरण घालतं. उद्या हुकूम काढून बैलगाडी बंद केली तर त्या हंगामातल्या सगळ्या जोड्या एका महिन्यात बिनकामाच्या, गिऱ्हाईक नाही, गोशाळेत जागा नाही, मग रात्री रोडला सोडून देतात, बघितलंय आपण सगळ्यांनी. छोटे ट्रॅक्टर आलेतच, बैलगाड्या दरवर्षी कमी होतायतच, कारखान्यानं त्या गाडीवानालाच ट्रॅक्टरसाठी हमी दिली तर अजून लवकर कमी होतील. मला ते चालेल. तोपर्यंत जे जुंपलेत त्यांचं वजन, खांदा आणि पाणी बघूया.

तर तुम्ही करायचं ते असं. चार-पाच गाडीवानांशी नीट बोलून काट्याच्या पावत्यांचे फोटो घ्या, जमलं तर दोन-तीन बैलांचा घेर-लांबी मोजा, रांगेत किती वेळ जुंपलेले होते त्याची वेळ लिहा. अर्ज कारखान्याच्या एमडींना आणि शेतकी अधिकाऱ्यांना, प्रत जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांना आणि जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला, पोचपावती घेऊन. मागण्या तीनच ठेवा: काट्यावर कमाल वजन, बैलगाडीला टोकन, तळावर पाणी आणि आठवड्यातून एकदा बैल तपासणी. (हो, चार झाल्या, पाणी आणि तपासणी एकात घाला.) गाळपाच्या मध्यात कोणी ऐकत नाही, म्हणून हे हंगामाआधी, वाहतुकीचे करार होतात तेव्हा द्या, आणि सभासद शेतकऱ्यांच्या सह्या असतील तर वार्षिक सभेत विषय घेता येतो, तिथं चेअरमनला उत्तर द्यावं लागतं. आणि पावतीच्या फोटोवर गाडीवानाचं नाव आणि गाडी नंबर झाकून टाका, तक्रार त्याच्यावर नाही, नाहीतर पुढच्या वर्षी त्यालाच काम मिळायचं नाही आणि पावती द्यायला तुम्हाला दुसरा कोणी उभा राहणार नाही.